बघतो

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे केव्हातरी त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "कुलूपकाका रिटायर झाल्याशिवाय काही ते निघत नाही बघ," आणि दुसरा हसला. लिफ्टमध्ये तिघंच होते. ते दोघं नवे, गळ्यातल्या ओळखपत्रांच्या पट्ट्या अजून कोऱ्या. आणि मागे आरशाला पाठ टेकून, हातात डब्याची पिशवी घेऊन उभा असलेला तो. त्यांनी त्याला पाहिलं होतं, एकाने सरकून जागाही दिली होती. म्हणजे त्यांना काका माहीत होता, काकाचा चेहरा माहीत नव्हता. सहाव्या मजल्यावर उतरताना एकाने दार धरलं आणि अदबीने म्हणाला, "या ना, सर." तो म्हणाला, "नाही, मला सातवा." खरं तर त्यालाही सहावाच हवा होता. सातव्यावर उतरून तो जिन्याने एक मजला खाली आला. जिन्याचं दार जिन्याच्या बाजूने उघडत नसे, पलीकडून कुणीतरी यावं लागे, हे तो विसरला होता. दाराच्या काचेच्या पट्टीतून त्याला आपलं टेबल, खुर्चीवरचा स्वेटर, चहाचा कप असं सगळं दिसत होतं. कुणीतरी येईपर्यंत तो तिथे उभा राहिला आणि ते नाव तोंडात घोळवत राहिला. कुलूपकाका. नाव तसं वाईट नव्हतं. इतकी वर्षं ते आपल्या पाठीमागे फिरत असणार आणि आपल्याला आज कळतंय, याचं त्याला वाईट वाटलं.

कुलूप खरंच त्याचं होतं. संगणकाला कामं सांगायची कंपनीची स्वतःची एक भाषा होती. ग्राहक तिच्यात आपापली कामं लिहीत, कोणी गाड्यांची वेळापत्रकं, कोणी हवामानाचे अंदाज. त्या भाषेतली एकेक ओळ वाचून ती यंत्राकडून करून घेणारा जो दुभाष्या, इंटरप्रिटर, तो त्याने बावीस वर्षं सांभाळला होता. या दुभाष्याच्या पोटात प्रत्येक वस्तूवर, म्हणजे एखाद्या संख्येवर किंवा यादीवर, एक आकडा असतो: ही वस्तू सध्या किती जणांनी धरून ठेवली आहे. कुणी धरली की आकडा एकाने वाढतो, सोडली की कमी होतो, शून्य झाला की वस्तू कचऱ्यात. साधी गोष्ट. पण दोघांनी अगदी एकाच क्षणी आकड्याला हात घातला, तर दोनाऐवजी एकच वाढतो, आणि मग पुढे कधीतरी एखादी वस्तू कुणाच्या तरी हातात असतानाच फेकली जाते. हे होऊ नये म्हणून त्याने एका दुपारी चार ओळी लिहून एकच मोठं कुलूप घातलं होतं. किल्ली ज्याच्या हातात, त्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. तेव्हा यंत्रात एकच कोअर असे, काम करणारा मुळी एकच, त्यामुळे थांबायला कुणी नव्हतंच. त्या चार ओळींबद्दल त्याला तेव्हा शाबासकी मिळाली होती. पुढे यंत्रं बदलली, एकाचे दोन कोअर झाले, चार झाले, आता सोळा. पडद्यावर सोळा पट्ट्या दिसत. एक हिरवीगार होऊन छताला भिडलेली, आणि पंधरा जमिनीवर झोपलेल्या.

साहेब त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. आल्या आल्या पहिल्याच बैठकीत त्याने त्या पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे पंधरा जण काय करतात?"

"थांबलेत."

"कशासाठी?"

"किल्लीसाठी."

"आणि किल्ली कुणाकडे आहे?"

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं होतं आणि हशा झाला होता. तोही हसला होता. त्या दिवसापासून नऊ महिने तो स्वतःचंच कुलूप उपटत होता, आणि मनापासून उपटत होता, निदान तशी त्याची समजूत होती. एका मोठ्या कुलपाच्या जागी लहान लहान कड्या बसवायच्या, जिथे कडीशिवाय भागेल तिथे तीही काढायची. गेले तीन आठवडे कुलपाशिवाय दुभाष्या चालत होता. सोळाही पट्ट्या हिरव्या. उत्तरं बरोबर. तपासणीवाली रोज संध्याकाळी जाताना चाचण्या लावून जाई, सकाळी येऊन बघे, एकही चूक नसे. आज चार वाजता ग्राहकांसमोर प्रात्यक्षिक होतं. त्यानंतर कुलूप कायमचं जाणार होतं आणि लिफ्टमधल्या त्या पोरांना दुसरं नाव शोधावं लागणार होतं.

काही जिव्हारी लागलं की तो आवराआवर करतो. घरी असला तर खण उपसतो, ऑफिसात असला तर जुना कोड. जागेवर बसून डबा खणात ठेवला तेव्हा सकाळची मुलगी आठवली, दारात पिशवी घेऊन उभी. "बाबा, आज दुपारी लवकर याल?" तो बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, "बघतो." ती आणखी क्षणभर उभी राहिली, मग पिशवी त्याच्या हातात दिली. काय काम होतं ते विचारायला हवं होतं, असं त्याला आता वाटलं, पण बोटं तोवर दुभाष्याच्या पोटात शिरली होती. शिळ्या टिपा पुसल्या, न लागणाऱ्या ओळी काढल्या. आणि आकडा शून्य होतो त्या ठिकाणी त्याला स्वतःचीच एक ओळ सापडली. सहा-सात महिन्यांपूर्वी घातलेली. तेव्हा वस्तू कुठे चुकीच्या फेकल्या जातात ते कळेना, म्हणून कचऱ्यात टाकण्याआधी फाईलमध्ये एक नोंद करायची, एवढंच तिचं काम. चूक शोधून झाली की अशी ओळ काढायची असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. त्याची राहून गेली होती. प्रात्यक्षिकाआधी सापडली हे बरं झालं असं म्हणून त्याने ती पुसली आणि सवयीने चाचण्या लावल्या. अकरा चाळीसला दुभाष्या कोसळला.

त्याने पुन्हा लावल्या. या वेळी कोसळला नाही, पण हवामानाच्या चाचणीत एका ठिकाणी तापमान चारशे बारा अंश आलं. ओळ परत घातली, सगळं सुतासारखं सरळ. काढली, अर्ध्या तासात पुन्हा घोळ. तिसऱ्या वेळेला त्याने खुर्ची मागे सरकवली, पण मागे भिंत होती, खुर्ची चार बोटं सरकून थांबली. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. नोंदीची फाईल एकच होती. त्यामुळे ज्याला वस्तू फेकायची आहे, त्याला त्या एका फाईलपाशी क्षणभर रांगेत उभं राहावं लागत होतं, आणि तेवढ्या क्षणात दुसऱ्याचा राहिलेला आकडा येऊन पोहोचत होता. आकड्यावरचं भांडण मिटलंच नव्हतं. जे काढलं म्हणून तीन आठवडे सगळे कौतुक करत होते, ते कुलूप या ओळीच्या आडोशाला, लहान होऊन, बसून होतं. त्याची स्वतःची विसरलेली ओळ. आणि हे कळलं त्या क्षणी, घाबरण्याच्याही आधी, त्याला बरं वाटलं. अगदी स्पष्ट बरं वाटलं, घसा कोरडा असताना पाणी मिळावं तसं. कुलपाशिवाय चालत नाही. मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती जेवणाच्या वेळेपर्यंत टिकली.

डबा त्याने उघडला नाही. आता सांगायचं म्हटलं तर कसं सांगणार. प्रात्यक्षिकाच्या दिवशी, ऐन दुपारी, कुलूपकाका उठून म्हणणार की थांबा, कुलूप निघत नाही. काकांनी शेवटच्या घटकेला पाचर मारली, असंच लोक म्हणणार, आणि त्यांना खोटं कसं पाडायचं, कारण आपल्याला बरं वाटलं होतं हे त्याला स्वतःला तर माहीतच होतं. न सांगावं, तर काहीच होणार नाही. ओळ आहे तोवर सगळं चालेल. साहेबाला टाळ्या मिळतील, त्यालाही मिळतील, भाषेची नवी आवृत्ती बाहेर पडेल. मग कधीतरी, दोन वर्षांनी म्हणा, लिफ्टमधल्या त्या दोघांपैकी एकाला आवराआवरीची हुक्की येईल आणि तो ती ओळ पुसेल. कोसळलं तर एक वेळ बरं, लोकांना कळतं तरी. पण वादळाचा एखादा आकडा दोन-चारने चुकला आणि दुभाष्या तसाच पुढे वाचत राहिला, तर कुणाच्या लक्षात येणार? खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची खिडकी होती, तीही न उघडणारी. तिथे एक बाई फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होती, चार पावलं इकडे, चार तिकडे. तो तिची पावलं मोजत राहिला.

त्याला मजल्यावरची मोरी आठवली. लहानपणी त्यांच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं होती आणि चौघांत मिळून एक न्हाणीघर, जिन्याच्या टोकाशी. भांडणं नकोत म्हणून न्हाणीघराला कुलूप असे आणि किल्ली त्यांच्या दाराच्या आतल्या खिळ्यावर. का, तर त्याचे वडील सरळ माणूस. सकाळी सहापासून लोक टॉवेल खांद्यावर टाकून दारात येत. "काका, किल्ली?" वडील वर्तमानपत्र खाली करत, मनगटावरचं घड्याळ बघत आणि म्हणत, "बघतो." न्हाणीघर रिकामं आहे हे येणाऱ्यालाही दिसत असे आणि वडिलांनाही. तरी वडील घड्याळ बघत, थोडा वेळ जाऊ देत, मग उठून किल्ली काढून देत. लोक थांबत. वडिलांचा कारखान्यात सुपरवायझरसमोर आवाज फुटत नसे, हे त्याला पुढे मोठं झाल्यावर कळलं. तेव्हा मात्र त्या तासा-दीड तासात ते घरात सर्वांत उंच दिसत. मग घरमालकाने ज्याच्या त्याच्या घरात मोरी बांधून दिली. जुन्या न्हाणीघरात लोक तुटक्या बादल्या टाकू लागले. किल्ली खिळ्यावरच राहिली आणि वडीलही रोज सकाळी सहाला दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र धरून बसत राहिले. कुणी येत नसे. चारही घरांतून नळांचे आवाज एकदमच येत.

एके दिवशी, तो दहा वर्षांचा असेल, त्याला ते बघवेना. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, किल्ली?" वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. घरातल्या मोरीत त्या वेळी कुणीही नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. "बघतो," म्हणाले, आणि थोड्या वेळाने उठून किल्ली दिली. तो जाऊन न्हाणीघराचं कुलूप उघडून आत शिरला, दार लावून घेतलं आणि तुटक्या बादल्यांच्या मधे अंधारात उभा राहिला. लगेच बाहेर जाता येणार नव्हतं. अंघोळीला लागतो तेवढा वेळ काढायला हवा होता. तो मनात आकडे म्हणत राहिला, बादल्यांत साचलेल्या पाण्याला कुजकट वास होता, आणि आपण हे का केलं ते त्याला नीट कळत नव्हतं. बाहेर येऊन किल्ली परत देताना त्याचे केस कोरडे होते. वडिलांनी ते पाहिलं असणार. त्यांनी किल्ली खिळ्यावर अडकवली.

दोन वाजता त्याने तपासणीवालीला बोलावलं. ती आपली खुर्ची स्वतःच ढकलत घेऊन आली. आठ वर्षं त्याच्या हाताखाली, पण हाताखाली असल्यासारखी कधी वागली नव्हती. त्याने पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही बघ."

"हो, नोंदीची. ती फाईल रोज सकाळी मीच रिकामी करते. नाहीतर दोन दिवसांत जागा भरते."

"म्हणजे तुला माहीत होतं ही आहे ते?"

"आहे हे माहीत होतं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीय."

"मग विचारायचंस ना."

"विचारलं होतं, सर." ती जराशी हसली, टोचेल अशी नाही. "बघतो म्हणालात."

त्याला काही आठवत नव्हतं. त्याने ओळ पुसून दाखवली. दोघं पडद्याकडे बघत बसले, सोळा पट्ट्या हिरव्या होऊन थरथरत होत्या, आणि नऊ मिनिटांनी दुभाष्या पडला.

"मला त्या आकड्यांचीच शंका होती," ती म्हणाली. "म्हणून तर ते पाठवलं होतं."

"काय?"

"तीन आठवडे झाले. ज्याने वस्तू बनवली, त्याचा आकडा त्याच्याजवळच ठेवायचा, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. बाकीच्यांचा आकडा वेगळा. दोन्ही शून्य झाले तरच फेकायचं. तुमच्या मंजुरीला पडलंय."

दुभाष्यात एक अक्षरही त्याच्या मंजुरीशिवाय बदलायचं नाही, हा नियमही त्याचाच, कुलपाच्याच वर्षीचा. मंजुरीची यादी त्याने उघडली. एकसष्ट गोष्टी थांबल्या होत्या. सर्वांत जुनी गेल्या वर्षीची. काही पाठवणारे तर कंपनी सोडूनही गेले होते. तिची चव्वेचाळिसावी. त्याने ती उघडली आणि वाचली, सात पानं, आणि चौथ्या पानावर तो थांबला, कारण ते बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हतं, सोपं होतं. नऊ महिने तो एकेक कडी बसवत राहिला आणि हे त्याला सुचलं नाही. त्याला तिचा हेवा वाटला, आणि राग आला तो मात्र तिचा नाही. भिजत घोंगडं ठेवायची आपली सवय त्याला माहीत होती, घरात त्या सवयीवर विनोदही होत. पण आपल्या टेबलावर उत्तर तीन आठवडे पडून असावं आणि आपण शेजारी बसून प्रश्न विसरावा, हे त्याला नवीन होतं.

"तू परत का नाही आठवण केलीस?"

"दोनदा केली," ती म्हणाली. "मग म्हटलं, बघतायत."

ओळ काढून, तिचं घालून त्यांनी चाचण्या लावल्या. तास झाला, पडलं नाही. तासाभरावरून काही सांगता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, अशा गोष्टीला आठवडे द्यावे लागतात. चारला पाच मिनिटं असताना ती म्हणाली, "सांगणार आहात?" आणि त्याच्या ओठांवर तो शब्द आला. तिला तो दिसला असावा. ती खाली बघून वायर गुंडाळू लागली.

बैठकीच्या खोलीत त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. प्रात्यक्षिक चालेल, पण ते एका विसरलेल्या ओळीच्या जोरावर चालेल, आणि ती ओळ निघाली की उत्तरं चुकतील, म्हणून आज देता येणार नाही. ग्राहकांपैकी एकाने पेन खाली ठेवलं. साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे नेहमीसारखं घोडं अडलंच," आणि कुणीतरी हसलं, तेच नऊ महिन्यांपूर्वीचं हसू. तो म्हणाला, "घोडं माझ्यापाशी अडलं होतं. उत्तर तीन आठवडे माझ्या यादीत पडून आहे, मी उघडलं नाही. हिने लिहिलंय. हीच सांगेल." मग तो बसला. तपासणीवाली बोलत होती, फळ्यावर दोन आकडे काढून दाखवत होती, ग्राहक पुढे झुकून प्रश्न विचारत होते. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तीन आठवड्यांची मुदत ठरली. बाहेर पडताना साहेब, आता जरा मऊ आवाजात, म्हणाला की पुढे मंजुऱ्या तिच्याकडूनही होऊ द्याव्यात, त्याच्यावरचा ताण कमी होईल, काय म्हणता? हा सभ्यपणे दिलेला धक्का होता हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. तरी तो म्हणाला, "हो." एवढा लहान शब्द तोंडातून किती लवकर बाहेर पडतो, याचं त्याला आश्चर्य वाटलं. जागेवर जाऊन त्याने पिशवी उचलली. डबा तसाच जड होता.

रस्त्यावर तो इतका भरभर चालला की दोनदा लोकांना धडकला. मुलीला आज हो म्हणून टाकायचं. तीन आठवड्यांपूर्वी तिने जेवताना विचारलं होतं, "बाबा, नोकरीचं पत्र आलंय. दुसऱ्या शहरात राहावं लागेल. जाऊ ना?" त्याच्या हातात घास होता. "बघतो," तो म्हणाला होता, आणि बायकोने पाण्याचा जग उचलून उगाचच सर्वांचे भरलेले ग्लास पुन्हा भरले होते. नको म्हणायचं त्याच्या मनातही नव्हतं. फक्त हो म्हटलं की ती जाणार होती, आणि बघतो म्हणेपर्यंत ती जेवणाच्या टेबलाशी, समोर, बसलेली असणार होती. एवढंच होतं ते. हे त्याने आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, सिग्नलपाशी, माणसांच्या घोळक्यात, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की सिग्नल सुटल्यावर चालायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्याने बूट काढता काढताच विचारलं, "ती कुठाय?"

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली. "गेली ना. अडीचच्या गाडीने."

"कुठे?"

"अहो, कुठे म्हणजे? उद्यापासून हजर व्हायचंय तिला. दोनपर्यंत वाट बघितली तुमची. सकाळी विचारलं होतं ना तिने, लवकर याल का म्हणून."

तो एका पायात बूट, एक पाय मोकळा, असा भिंतीला धरून उभा राहिला. "मला कुणी सांगितलं नाही."

"काय सांगायचं? ती विचारून थकली. मग मीच म्हटलं, तू जा." ती पुन्हा जुडी घेऊन बसली, पण निवडत नव्हती. "पहिली बॅग मागच्याच पंधरवड्यात गेली. पुस्तकं गेली, गादी गेली. म्हटलं, खोलीत डोकावाल तर कळेलच. तुम्ही डोकावला नाहीत."

"मी हो म्हणणारच होतो."

"माहितेय." तिचा आवाज चढला नाही, त्याने त्याला जास्त त्रास झाला. "रागावू नका, पण एक सांगते. ती कॉलेजपासून सगळं आधी ठरवते आणि मग तुम्हाला विचारते. मीही तसंच करते. तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

"सोफा?"

"सोफ्याचं दुकानात सांगून आले होते, मग विचारलं."

सोफ्याबद्दल त्याने दीड महिना विचार केला होता. रंगांचे नमुने ऑफिसात नेऊन खिडकीच्या उजेडात धरून बघितले होते. त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. इतकी वर्षं घर आपल्या होकाराच्या दाराशी ताटकळत उभं आहे, या समजुतीचं ओझं तो पाठीवर घेऊन फिरत होता. झोपेत कूस बदलतानासुद्धा ते जाणवे. दाराशी कुणीच नव्हतं. सगळे आपापल्या कामाला लागलेले होते, एकाच वेळी, आणि काहीही कोसळलं नव्हतं.

मुलीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत गेला. फळ्या रिकाम्या, भिंतीवर चिकटपट्टीचे चौकोनी डाग, पलंगाच्या लाकडी पट्ट्या उघड्या. कोपऱ्यात एक फुटकी बादली होती, तिच्यात तिने जाताना टाकून दिलेल्या वस्तू. त्याने फोन लावला. ती पहिल्याच घंटीला बोलली.

"बाबा? पोहोचले मी. तुमचं ते कसं झालं, चारचं?"

"झालं." त्याने घसा साफ केला. "तू विचारलं होतंस ना, जाऊ का म्हणून. हो. जा तू."

त्याला वाटलं ती हसेल. ती हसली असती तर फार बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "थँक्यू, बाबा." आणि मग, जरा थांबून, "बाबा, एक विचारायचं होतं. इथे टेबल आहे, ते खिडकीशी लावू की भिंतीशी?"

तिच्या मागून फर्निचर सरकवल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी मुलगी म्हणत होती, खिडकीशीच झकास दिसतंय गं, असू दे आता. त्याला एकदम कोरडे केस आठवले, आणि खांद्यावरचा तो टॉवेल. वडिलांना ते कळलं होतं, हे त्याला आज, बेचाळीस वर्षांनी, खात्रीने कळलं. कळूनही त्यांनी उठून किल्ली दिली होती. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. काटे दिसत होते, पण वाजले किती ते कळत नव्हतं.

"खिडकीशी लाव," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "तसंच लावते."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, मग कुकरची शिटी. बायको त्याला हाक मारणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. तरी लगेच बाहेर जाणं त्याला बरं दिसेना. त्याने दार आतून लावून घेतलं आणि त्या पट्ट्यांच्या पलंगाशेजारी उभा राहून तो मनात आकडे म्हणू लागला.